चौथं प्रकरण

"...'मग खोकला. पाणी प्यायल्या. पुन्हा खोकला,'" आमची ही कागदावरून वाचत होती.

"अगं बाई, माझा खोकलासुद्धा लिहिलास?" ताईनं विचारलं.

"जे झालं ते लिहायचं, वन्सं. सवय आहे."

सवय कसली, खोडच म्हणा. आमच्या हिनं उभी हयात कोर्टात स्टेनो म्हणून काढली. साक्षीदारानं तोंड उघडलं की हिची पेन्सिल पळालीच. माणसं निवृत्त झाली की गुडघे सांभाळत घरी बसतात. हिनं विद्यापीठात नाव घातलं. इतिहासात एम. ए. करायचं म्हणे! मी म्हटलं, "आता आपलाच इतिहास व्हायची वेळ आली, आणखी कशाला?" त्यावर तिनं माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी गुपचूप तिच्या पुस्तकांसाठी कपाट करायला घेतलं. मी सुतार आहे. तोंडानं जे सावरता येत नाही ते हातानं सावरतो.

मला वाटलं होतं, चार पुस्तकं वाचायची, परीक्षा द्यायची, की झालं. कसलं काय! आधी दोन वर्षं वर्ग. तिथली पोरं हिला काकू म्हणायची आणि हिच्याच वह्या मागून न्यायची. मग एका परक्या भाषेची परीक्षा, का तर इतिहासवाल्याला आणखी एक भाषा वाचता आली पाहिजे. त्या भाषेची क्रियापदं घोकत ही गॅससमोर उभी राहायची आणि डोळ्यांदेखत दूध उतू जायचं. मग सगळ्या विषयांची मिळून एक मोठी लेखी परीक्षा. आणि हे सगळं पार पडलं की लघुप्रबंध. तोही दुसऱ्याच्या पुस्तकांतून उचललेला चालत नाही. स्वतः शोधलेल्या पुराव्यावर उभा राहिला पाहिजे. वर परीक्षकांपुढे बसून त्याची तोंडी परीक्षा. तेव्हा कुठे पदवी.

हिनं विषय घेतला काडेपेटीच्या कारखान्यातल्या बायकांच्या संपाचा. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, त्याच कारखान्यात डिंकाच्या भट्टीवर होती. अजूनही ती कारखान्याच्या जुन्या खोल्यांत राहते. शेजारणीही सगळ्या तिथल्याच. हिनं एकेकीला बोलतं केलं. संप कसा ठरला, कोण पुढे होतं, फाटकापाशी कशा बसायच्या, सगळं आलं. फक्त एक कोडं सुटेना. संप ऐन भरात असताना एका सकाळी एकाएकी मोडला. का, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. खोकी भरणाऱ्या म्हणत, लेबलवाल्या फुटल्या. लेबलवाल्या म्हणत, खोकीवाल्या.

ते कोडं ताईनं सोडवलं. बोलता बोलता सहज सांगून गेली. मुकादम पहाटे तिच्या दाराशी आला होता. म्हणाला, "डिंक कढईत दगड व्हायला लागलाय. काम करू नकोस, नुसता जाळ घाल." त्या तांब्याच्या कढया ताईनं वर्षानुवर्षं घासलेल्या. त्यांत डिंक वाळला म्हणजे पुढे छिन्नीनं फोडून काढावा लागतो आणि कढईचा तळ फाटतो. तिला कढयांची कणव आली. मागच्या दारानं गेली, जाळ घातला, घरी आली. धुराड्यातून धूर निघणार हे तिच्या डोक्यातच आलं नाही. फाटकावरच्या बायकांनी तो धूर पाहिला. त्यांना वाटलं, आत काम सुरू झालं, आपल्यालाच सोडून बाकीच्या गेल्या. आणि जी ती आपली जागा धरायला आत धावली.

हिच्या लघुप्रबंधाचं चौथं प्रकरण म्हणजे हीच हकिकत. पण विभागाचा एक नियम होता. ज्यानं सांगितलं त्याला सगळं वाचून दाखवायचं, आणि तो म्हणेल ते गाळायचं. म्हणून आज ताईकडे हे वाचन चाललं होतं. वाचन धुराड्यापाशी आल्यावर ताई म्हणाली, "एवढं काढ."

ही थांबली.

"वन्सं, सगळं त्यावरच तर उभं आहे."

"असेल गं. पण रोज संध्याकाळी आम्ही सगळ्या खोल्यांसमोरच्या त्या बाकावर बसतो. अजून एकमेकींना टोमणे मारतात, तुम्ही फुटलात, तुम्ही फुटलात. मी ऐकते आणि हसते. बोलले तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? पण छापून येऊ देऊ नकोस. म्हातारपणी मला त्या बाकावरून उठवू नकोस."

कोर्टात साक्षीदारांनी गयावया केली तरी हिनं कधी एक ओळ खोडली नव्हती. इथं तिनं पेन्सिल उचलली आणि आख्ख्या पानावर आडवी रेघ मारली.

घरी आल्यावर माझं डोकं फिरलं. "बास झालं! मी बोलतो ताईशी. एवढी वर्षं झाली, आता कोण विचारतंय!"

"खबरदार!" ही म्हणाली.

"मग नाव बदलून टाक ना."

"भट्टीवर बाई एकच होती. नाव काहीही घाला."

बहिणीचा राग आला होता आणि बायकोचाही. दोघींपैकी कुणावर काढावा ते मात्र कळेना.

तोंडी परीक्षेला घरच्यांना मागे बसू देतात. मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. हिच्या लघुप्रबंधाच्या गाईडबाई वयानं हिच्या निम्म्या, पण हिच्यापेक्षा त्याच जास्त घाबरलेल्या. बाहेरून आलेले परीक्षक सज्जन होते. पहिल्या तीन प्रकरणांचं त्यांनी तोंड भरून कौतुक केलं. माझी छाती फुगली. मग त्यांनी चष्मा काढला.

"चौथ्यात संप एकदम संपतो. का संपला?"

"साक्ष मिळाली होती, सर. जिनं दिली, तिनं परत घेतली."

"ती लिहू नका. पण मला इथं सांगता येईल? या खोलीबाहेर जाणार नाही."

गाईडबाई मान हलवून हिला खुणावत होत्या, सांगा, सांगा. माझी तर जीभ शिवशिवत होती. चार वाक्यांचं काम!

"खोलीत बोललं तरी ते बोललंच झालं, सर," ही म्हणाली.

"मग तुमचा इतिहास अपुरा राहिला, बाई."

"राहिला."

त्यांनी आम्हाला बाहेर बसवलं. थोड्या वेळानं गाईडबाई आल्या त्या डोळे पुसतच. संप का मोडला याचा पुरावा जोडल्याशिवाय लघुप्रबंध मंजूर करता येत नाही. मुदत हवी तेवढी वाढवून देऊ, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. मग त्या हिच्या जवळ सरकून हळूच म्हणाल्या, "आणखी एक आहे. कसं सांगू? आमच्या विभागाच्या नियमात, हे गाळायचं बंधन सांगणारी व्यक्ती हयात असेपर्यंतच असतं. नंतर... तुमच्याकडे ते पान आहेच."

"असं बोलू नये," एवढंच ही म्हणाली आणि पिशवी उचलून चालू लागली. मी मागून गेलो. खरं सांगतो, क्षणभर माझ्याही मनात ताईच्या वयाचा हिशेब येऊन गेला. सख्खी बहीण ती माझी! माझी मलाच लाज वाटली.

ताईकडे न जाता परत जाणं शक्य नव्हतं; ती वाट बघत असणार. बाकावर सगळ्या जमल्या होत्या. आम्ही दिसताच लेबलवाली ओरडली, "काय गं, झालीस का एम. ए.?"

"नाही अजून. चौथं प्रकरण राहिलं."

"मेल्यांना काय कळतंय!" खोकीवाली म्हणाली, आणि सगळ्यांनी मिळून परीक्षकांचा उद्धार केला.

ताईनं बाकावर सरकून हिला जागा करून दिली. ही बसल्यावर तिनं अगदी हळू विचारलं, "माझ्यामुळे?"

"तुमच्यामुळे तीन झाली, वन्सं."

"मग आता कधी मिळायची तुला पदवी?"

हिनं ताईचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. मी दुसरीकडे बघायला लागलो.

"कितीही उशीर होऊ दे," ही म्हणाली. "मला घाई नाही."