परत

तालुक्यात मी तापट म्हणून ओळखला जातो, आणि ते काही खोटं नाही. कबड्डी शिकवताना पोरीचा पाय चुकला की मी एकच शब्द ओरडतो, "परत!" म्हणजे दम सोड, मध्यरेषेवर ये, पहिल्यापासून सुरू कर. दुर्गा आत्राम सहा महिने हा शब्द ऐकत होती, रोज पन्नासदा तरी.

दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली आणि तिथे कबड्डीचे सामने लागले. तिचा बाप वारलू माझ्याकडे आला. पोरीला दोन-चार सामने खेळू द्या म्हणाला. मी त्याला झिडकारलं. त्या धसमुसळ्या खेळात माझी सगळी शिकवण मातीत जाईल, सरावच पुरे आहे, असं सुनावलं. जाताना तो एवढंच म्हणाला, "सर, हिरीत पोहून नदी नाई समजत."

डिसेंबरात गोंडपिपरीला तालुक्याचे सामने झाले. त्यातूनच जिल्ह्याच्या संघाची निवड होती. सतरा वर्षांखालच्या गटातलं दुर्गाचं हे शेवटचं वर्ष. आधीचे दोन सामने एकतर्फी झाले, मला ओरडावंच लागलं नाही. अंतिम सामना मात्र बरोबरीत आला. शेवटची चढाई दुर्गाची होती.

तिनं कोपऱ्यातल्या पोरीच्या खांद्याला हात लावला. झालं! आता फक्त मध्यरेषा गाठायची. रेषा चार पावलांवर होती, आणि दोघी हातात हात गुंफून तिच्यावर येत होत्या. मी ताडकन उठलो आणि जीव खाऊन ओरडलो, "परत!"

मला म्हणायचं होतं, परत ये.

दुर्गा थांबली. तिनं दम सोडला, हात खाली घेतले आणि रोजच्यासारखी सावकाश मध्यरेषेकडे चालू लागली. पंचांची शिट्टी वाजली. दुर्गा बाद, सामना गेला. निवडीच्या यादीत तिचं नाव आलं नाही.

बसस्टँडवर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमीच त म्हनले, परत."

आपलेच दात, आपलेच ओठ. लाज वाटत होती, तरी मी तिथूनच वारलूला फोन लावला आणि पुढची मंडई कुठे आहे ते विचारलं. रविवारी शेजारच्या गावात होती. मीही येतो म्हणालो.

दुर्गा सगळं ऐकत होती. बस लागल्यावर पिशवी उचलत ती म्हणाली, "येजा सर. पन तोंड उघडू नोका."