तीनशे दोनमधलं कुंकू

त्या शनिवारी सकाळी आमच्या बी विंगच्या जिन्यात पाय ठेवायला जागा नव्हती. तळापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत नुसता चपलांचा खच. कोपरखैरण्याच्या चार सेक्टरांतून माणसं आली होती, बोनकोड्यातून बायकांचा घोळका आला होता, आणि एक गृहस्थ तर थेट नावड्याहून रिक्षा करून आले होते. सगळ्यांना एकच बघायचं होतं: तीनशे दोन नंबरच्या फ्लॅटमध्ये, सुचित्राकाकूंच्या देवघरात, हळदीचं कुंकू कसं होतं ते.

"बोला, शीतलामाता की..."

"जय!"

वामनबुवांनी चिमूटभर हळद डाव्या तळहातावर घेतली. काकूंनी तांब्याच्या गडूतलं पळीभर तीर्थ तिच्यावर सोडलं. बुवांनी डोळे मिटले, अंगठ्याने हळद चोळली, आणि काय सांगू, तळहात लालभडक! बायकांनी पटापट हात जोडले. कुणी मोबाइल वर धरून शूटिंग करत होतं.

"रंग बघा, रंग!" बुवा गरजले. "काकूंनी स्वतः केलं तेव्हा नुसता तांबूस होता. मी हात लावला आणि आज बघा! अर्थ काय? श्यामसुंदरजींच्या पोटातली गाठ वितळतेय. ही व्हायब्रेशन आहेत, परदेशात यावर संशोधन चाललंय. स्कॅनपण देवीच करते आणि ट्रीटमेंटपण. डॉक्टरला सुरी लागते, माझ्या आईला लागते का?"

"नाही!" गर्दी ओरडली.

काकूंचे यजमान श्यामसुंदरकाका सोफ्यावर पोटाशी उशी धरून बसले होते. आतड्यात गाठ, रिपोर्ट वाईट, सोमवारी वाशीला ऑपरेशन. डॉक्टरांनी बजावलं होतं की आता दिवस घालवू नका.

आणि मी फ्रिजच्या आडोशाला उभी होते. येणारा-जाणारा मला नमस्कार करत होता, कारण ते तीर्थ मी आणलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं मला.

मी क्षिप्रा. समोरच्या तीनशे एकमध्ये एकटी राहते, पावण्याच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये काम करते. द्रावण आम्ल आहे की आम्लारी, हे दिवसभर तपासणं हीच माझी नोकरी. बुवाबाजीवर तोंड भरून बोलणारी, सोसायटीच्या ग्रुपवर लोकांचे फॉरवर्ड खोडून काढणारी शहाणी मीच. आता ऐका शहाणीचे प्रताप.

तीन आठवड्यांपूर्वी मी हिमाचलात एकटीच पाठीवर सॅक टाकून भटकत होते. नऊ दिवस मजेत गेले. निघताना काकूंनी एकच गोष्ट मागितली होती. "त्या बाजूला शीतलादेवीचा झरा आहे म्हणे गो. यांच्यासाठी बाटलीभर तीर्थ आण." मी मान डोलावली. माझा विश्वास नव्हता, पण काकूंचा होता, आणि नवरा आजारी असलेल्या बाईला नाही कसं म्हणणार?

शेवटच्या दिवशी झऱ्यापर्यंत दोन तासांची चढण उरली होती. दुपारी दोनची बस होती. माझा गुडघा सुजला होता हे खरं. पण त्याच गुडघ्यावर मी चहासाठी गावाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेले, हेही तितकंच खरं. ऊन छान पडलं होतं, समोर बर्फाची शिखरं होती, आणि मला चढायचा चक्क कंटाळा आला. मी राजमा-चावल हाणले, भिंतीला टेकून झोप काढली, आणि बसस्टँडच्या नळावर बाटली भरून घेतली. पाणी ते पाणी, असं मनाशी म्हटलं.

बाटली मात्र साधी नव्हती. प्रवासात कपडे धुवायला मी तिच्यात धुण्याचा सोडा भरून नेला होता. पाणी बर्फासारखं गार होतं, म्हणून घाईघाईत एकदाच खळबळली. तळाशी सोडा चिकटलेला राहिलाच.

घरी आल्यावर काकूंनी बाटली कपाळाला लावली. "वर चढून आणलंस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हो काकू."

त्याच आठवड्यात शुक्रवारी पूजेत हळदीवर चार थेंब पडले आणि हळद तांबूस झाली. काकू धावत माझ्याकडे आल्या, डोळ्यांत पाणी. त्यामागचं कारण मला तिथल्या तिथे कळलं. हळद आणि सोडा, शाळेतला प्रयोग! पण तो सांगायचा म्हणजे ते "हो काकू" खोटं होतं, हेही सांगायला हवं. मी गप्प बसले. दोन दिवसांत विसरतील, असं वाटलं. विसरतात कसले! व्हिडिओ ग्रुपवर गेला, सेक्टर आठमध्ये वास्तुशांतीचं दुकान थाटलेले वामनबुवा हजर झाले आणि तीनशे दोनचं देवस्थान झालं. काका रोज पळीभर तीर्थ घेऊ लागले. "साबणासारखं लागतं गं," ते म्हणायचे. काकू म्हणायच्या, "झऱ्यात औषधी मुळ्या असतात."

तर त्या शनिवारी बुवा म्हणाले, "काकू, आता देवीसमोर फोन लावा. स्पीकरवर टाका. ऑपरेशन कॅन्सल म्हणून सांगा."

काकूंनी फोन हातात घेतला.

"काकू, थांबा!" मी पुढे घुसले. "बुवा, आधी हात धुऊन या."

"मुली, देवीची परीक्षा घेतेस?"

"देवीची नाही, तुमची."

मला एक गोष्ट खटकत होती. काकू गडूतलं तीर्थ संपत आलं की नळाचं पाणी ओतायच्या, तीर्थात पडलेलं पाणीही तीर्थच होतं म्हणून. म्हणजे सोडा कधीच विरळ झाला असणार. मग रंग उलट गडद कसा होतो?

गर्दीत कुरबुर सुरू झाली. "कोण ही? देवीचा कोप होईल!" तेवढ्यात बोनकोड्याच्या शेवंताबाई पदर खोचून उठल्या. तीन मजली चाळीच्या मालकीणबाई, आवाज खणखणीत.

"धुवा नं बुवा, पानी चावतंय का तुमाला? त्यांच्या आंगठ्याला चुना हाय. चालीस वर्सं तंबाकू मलतंय मी, मला कलत नाय होय?"

हशा पिकला. आता माघार घेणं कठीण होतं. बुवांनी बेसिनवर हात धुतले. शेवंताबाई शेजारी उभ्या राहिल्या आणि साबण पार निघून जाईपर्यंत त्यांनी नळ बंद करू दिला नाही. पुन्हा हळद, पुन्हा तीर्थ, पुन्हा अंगठा. हळद पिवळीधमक राहिली. चार बायकांनी करून पाहिलं, तरी पिवळीच.

"तुमची श्रद्धा कमी पडली," असं पुटपुटत बुवा सटकले. जिन्यात त्यांना स्वतःच्या चपला सापडेनात, त्यामुळे सटकायलाही बराच वेळ लागला.

लोक माझी पाठ थोपटू लागले. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "पण क्षिप्रा, पहिल्या शुक्रवारी बुवा कुठे होते? मी एकटी होते. हळद माझ्या हातावर तांबूस झाली. बुवा लबाड निघाले म्हणून तीर्थ खोटं ठरत नाही ना?" फोन अजून त्यांच्या हातात होता.

गप्प बसले असते तर मी त्या दिवसाची हिरॉइन ठरले असते. आणि सोमवारी काका घरीच राहिले असते.

"ठरतं, काकू," मी म्हटलं. "मी झऱ्यावर गेलेच नव्हते."

मग सगळं सांगितलं. कंटाळा, राजमा, नळ, सोडा. घरून सोड्याचा डबा आणला, ग्लासभर पाण्यात चमचाभर ढवळला, हळदीवर टाकला. तांबूस झाली. हळद मुळात पिवळी, आम्लारी लागलं की लाल होते. मग तो सोडा असो, चुना असो की साबण. देवीचा संबंध नाही आणि गाठीचा तर नाहीच.

"तरी मी म्हणत होतो साबणासारखं लागतंय," काका म्हणाले. कुणीच हसलं नाही.

काकूंनी हातातला फोन खाली ठेवला. "जमलं नाही म्हणाली असतीस तर मी काय तुला खाल्लं असतं?"

मला रडू फुटलं.

सोमवारी ऑपरेशन झालं. गाठ निघाली, पुढची ट्रीटमेंट चालू आहे. काका भेटले की गप्पा मारतात. काकू दार उघडतात, "ये" म्हणतात, आणि आत निघून जातात. ते बरोबरच आहे.

वाचकहो, हळद घरात असतेच, सोडाही असतो. आजच करून बघा, मुलांनाही दाखवा. कुणी रंग बदलून दाखवला तर हात जोडण्याआधी त्याला हात धुवायला सांगा. आजारी माणसाला डॉक्टरकडेच न्या. आणि माझ्यासारख्या शिकलेल्यांना हात जोडून विनंती: खरं कारण माहीत असेल तर त्याच दिवशी सांगा, मग त्यात आपली अब्रू गेली तरी चालेल. बुवा चौथ्या दिवशी आला. त्याआधीचे तीन दिवस त्या मजल्यावर खरं माहीत असलेली एकच व्यक्ती होती, आणि ती गप्प होती.