शुक्रवारचा काळा भात

आमच्या बेटावर शुक्रवारी मटण शिजत नाही. त्या दिवशी माझ्या खाणावळीत माकुल या समुद्री जिवाच्या शाईतला काळा भात असतो, आणि तो माझ्याइतका चांगला कोणालाच जमत नाही, हे मी कोणी न विचारताही सांगतो. खाल्ला की दात काळे, ओठ काळे आणि दुसऱ्या दिवशी संडासातही काळंच. इथल्या शेंबड्या पोरालासुद्धा हे ठाऊक असतं, त्यामुळे त्याची कोणी चर्चा करत नाही.

माझी मुलगी मिर्ता लहानपणापासून या भाताला नाक मुरडायची. गेल्या हिवाळ्यात मात्र दर शुक्रवारी स्वतःहून ताट मागू लागली. मी फुशारलो. बायकोला, विंकाला, म्हटलं की एकोणीस वर्षांनी का होईना, पोरीला बापाच्या हाताची चव कळली. आता तुला कोण आवरणार, एवढंच ती म्हणाली.

मिर्ता दहा महिन्यांची असताना तिच्या पोटात माझ्या यकृताचा तुकडा बसवला. जन्मतःच तिच्या पित्ताच्या नळ्या बंद होत्या. शस्त्रक्रिया समुद्रापलीकडे, इटलीत झाली. तेव्हापासून आम्हा दोघांच्याही पोटावर व्रण आहे. उन्हाळ्यात पोहायला उतरलो की लोक बघतात आणि मी पोट आणखी पुढे काढतो. खोटं कशाला बोलू, अभिमान वाटावा असं आयुष्यात मी हे एकच काम केलंय, आणि ते घरात सतत ऐकवलंय. शस्त्रक्रियेच्या तारखेला मी दरवर्षी केक आणतो. तिचा वाढदिवस विसरलोय, ती तारीख कधी नाही.

मार्चपासून ती थकायला लागली. धक्क्यापासून घरापर्यंतचा चढ चढताना तीनदा बसायची. मी तिला आळशी म्हणालो. मग एका सकाळी ती धक्क्यावरच चक्कर येऊन पडली. बोटीने शहरात नेली, तर अंगातलं रक्त निम्म्यावर आलेलं. रक्त चढवलं, घशातून नळी घालून जठर पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. डॉक्टरने शौचाचा रंग विचारला, तेव्हा विंका म्हणाली, शुक्रवारी आमच्याकडे शाईचा भात असतो. तोही किनाऱ्यावरचाच माणूस. हसला आणि लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्यांनीही रंग काळाच होतो, त्यामुळे आम्ही अगदीच निर्धास्त झालो.

महिन्याभरात ती पुन्हा पडली. या वेळी थेट राजधानी झाग्रेब गाठलं. तिथली डॉक्टरीण मैदानी मुलखातली, बुटकी, शांत बाई. शाईचा भात तिने जन्मात खाल्ला नव्हता, म्हणून तिला तो समजावून सांगावा लागला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि भात शेवटचा कधी खाल्ला ते विचारलं. मी म्हटलं शुक्रवारी. मग तिने गोळ्यांचं विचारलं. मिर्ताने मान खाली घालून सांगितलं की पोट बिघडतं म्हणून दोन आठवडे घेतल्याच नाहीत.

"आज बुधवार आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग आज सकाळचं शौच काळं कशाने?"

मी बोटांवर शुक्रवारपासूनचे दिवस मोजले.

दोन दिवस तपासण्या चालल्या. शेवटी बाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. आतड्यातलं रक्त यकृतात नेणारी मोठी शीर असते. तिची माझ्या तुकड्याशी जिथे जोडणी केली होती, तिथेच ती वर्षानुवर्षं आवळत गेली होती. तुंबलेलं रक्त दुसऱ्या वाटा शोधत राहिलं. पित्त वाहून जावं म्हणून लहानपणी आतड्याचा एक भाग यकृताला जोडला होता, त्याच्या आतल्या शिरा त्यामुळे फुगल्या होत्या, म्हाताऱ्या माणसाच्या पोटरीवर फुगतात तशा. तिथून रक्त झिरपत होतं. पचलेलं रक्त काळं होऊन बाहेर येत होतं. आणि जठर पाहायची नळी तिथवर पोचतच नाही.

मी लगेच सदरा वर केला आणि म्हटलं, माझं अजून आहे, हवं तेवढं घ्या. विंकाने सदरा खाली ओढला. बाई म्हणाल्या की तुकडा ठणठणीत आहे, फक्त त्याच्याकडे जाणारी शीर मोकळी करायची आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बरगड्यांमधून सुई घालून, यकृतातून त्या शिरेपर्यंत जाऊन, आत छोटा फुगा फुगवला आणि शीर पुन्हा आवळू नये म्हणून जाळीची नळी बसवली. बाहेरच्या बाकावर मी दोन तास काढले. इतका घाबरलो होतो की विंकाशी भांडायचंही सुचलं नाही. मग बाई आल्या. रक्त नीट वाहतंय, फुगलेल्या शिरा हळूहळू बसतील, तपासणीला मात्र येत राहा, असं सांगून गेल्या.

दुपारी विंका चहा प्यायला खाली गेली, तेव्हा मिर्ताने डोळे उघडले.

"बाबा, मला तो भात आवडत नाही. अजूनही नाही."

"मग ताटंच्या ताटं का संपवलीस?"

"डिसेंबरपासून रोजच काळं होत होतं. भात खाल्ला की काळं कशाने, हे आई विचारत नव्हती."

"अगं, पण सांगायचं ना."

"मला वाटलं, यकृत गेलं. तुला कसं सांगणार? तू त्याच्या नावाने केक आणतोस."

मला भयंकर राग आला, आणि तो तिचा नव्हता. पोर चार महिने रक्त गमावत होती, कशासाठी, तर माझी फुशारकी मोडू नये म्हणून. मला माझीच लाज वाटली. तिचा हात धरला, तर तो नेहमीसारखाच थंडगार होता.

"हे बघ मिर्ता," मी म्हणालो. "ते तुला जपून ठेवायला दिलं नव्हतं. वापरायला दिलं होतं. उद्या बिघडलं, तर काढून टाकायचं आणि दुसऱ्या कोणाचं बसवायचं. मला त्याच दिवशी सांगायचं."

"तुला वाईट नाही वाटणार?"

"वाटेल की," मी म्हणालो. "पण तेव्हा तू समोर बसलेली असशील."