लेकीच्या घरचं पाणी

लोक डिलिव्हरी ॲपवर काम का धरतात, यावर पेपरात लेख येतात. स्वातंत्र्य, मनासारखी वेळ वगैरे. हितेंद्रने ते धरलं, कारण ॲपने त्याचं वय काढलं नाही आणि आधीची नोकरी का सुटली हेही विचारलं नाही. डाळ मिलचं ऑफिस बंद झाल्यावर जळगावात तो जिथे जिथे गेला, तिथे याच दोन चौकशा झाल्या होत्या.

शिवाय मे महिना. जळगावात या दिवसांत दुपारी तोंडाला रुमाल न बांधणारा माणूसच संशयास्पद. हेल्मेट, गॉगल, रुमाल. शेजारून गेली तरी बायको ओळखणार नाही. एकदा गेलीही होती.

लपवणं भाग होतं. लेकीचा, मेघाचा साखरपुडा झाला होता, लग्न व्हायचं होतं, आणि बोलणीत 'वडील अकाउंटंट' असं सांगितलेलं होतं.

त्या दुपारी आइस्क्रीमची ऑर्डर आली. पत्ता पिंप्राळ्याचा, नाव स्वप्नीलचं. म्हणजे होणाऱ्या जावयाचं. हितेंद्रचं बोट 'नाकारा'वर गेलं. पण नाकारावी तर ॲप आयडी बंद करतं, आणि याआधी बऱ्याच नाकारून झाल्या होत्या. तोंड उघडायचं नाही, असं ठरवून तो गेला.

दार विहीणबाईंनी, प्रमिलाबाईंनी उघडलं. ओटीपी त्यांनी आपणहून सांगितला. सुटलो म्हणेपर्यंत त्या आतून ग्लास घेऊन आल्या.

"पाणी घ्या भाऊ. बठ्ठ्या गावचं ऊन डोक्यावर घेऊन फिरताय."

"नको, लेकीच्या घरचं पाणी चालत नाही आम्हाला."

आपण काय बोललो, हे त्याला बोलून झाल्यावर ऐकू आलं.

प्रमिलाबाई रुमालाकडे बघत राहिल्या. आतून स्वप्नीलने कोण आहे विचारलं. आइस्क्रीमवाला, त्या म्हणाल्या. मग आवाज उतरवून, "घ्या. आत्ता तुम्ही आइस्क्रीम घेऊन आलात. व्याही म्हणून आलात तर नका पिऊ."

त्याने रुमाल खाली ओढला, ग्लास रिकामा केला. गल्लीच्या वळणापर्यंत त्याला फार बरं वाटलं. वळणावर त्याने गाडी बाजूला घेतली.

'याल तेव्हा' नव्हत्या म्हणाल्या. 'आलात तर' म्हणाल्या.

विहीणबाईंचं माहेर पारोळ्याचं. तिकडे 'तेव्हा'ला 'तर'च म्हणत असतील. पारोळ्याचं कुणी ओळखीचं त्याला आठवेना.

खिशात फोन वाजला. ऑर्डर असू दे, त्याने मनोमन हात जोडले.

मेघाचा होता.