कुरीला शिकवलेला शब्द

"बाबा कुठंय?" चिनात्सुनं विचारलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. मांजराला एक गोष्ट एकदाच सांगायची. दोनदा सांगितली की त्याला कळतं, आपण उतावळे झालोय. मग ते मुद्दाम वेळ लावतं. हा तिच्या नवऱ्याचा, कात्सुमीचा नियम. घरात कात्सुमीचं म्हणून जे काही मागं राहिलं होतं ते सगळं चिनात्सु जपून वापरायची, तसा हा नियमही.

कुरीनं आधी एक कान फिरवला, मग दुसरा. पुढचे पाय लांबवून ऐसपैस आळस दिला, जणू त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. मग तातामीच्या चटईवरून रमतगमत जाऊन तो समुद्राकडच्या कोपऱ्यातल्या निळ्या गादीवर बसला. समोर कात्सुमीच्या वाटचं ताट मांडलेलं होतं: भात, झाकणाच्या वाटीत मिसोचं सार, भाजलेला मासा. माशाकडे त्यानं नुसतं पाहिलं. नाक लावलं नाही.

"शहाणा माझा!" चिनात्सुनं सुक्या तारलीचा तुकडा त्याच्यापुढे टाकला.

तेवढ्यात तिची लेक नागिसा खिदळत, अडखळत धावत आली, गादीच्या कडेवर दोन्ही हातांनी थापट्या मारल्या आणि म्हणाली, "बाबा!"

चिनात्सुच्या हातातली तारलीची बरणी कलंडली. स्वयंपाकघरातून सासूबाई, त्सुरुए, हात पुसत बाहेर आल्या. "काय गं? पडली का पोरगी?"

"बोलली, आई! बाबा म्हणाली!"

"हं," त्सुरुए म्हणाल्या. पण त्यांचे डोळे हसत होते. "कॉलेजात शिकलेली आई, आणि पोरीचा मास्तर बोका. आता तारली कुणाला द्यायची ते एकदा ठरव बाई, दोघंही तोंड उघडून बसलीत."

कात्सुमी ट्यूनाच्या जहाजावर गेला तेव्हा नागिसा नुकती बसायला लागली होती. मुरोतो बंदराची माणसं वर्ष वर्ष, कधी त्याहूनही जास्त, दूरच्या समुद्रात असतात. बायकांना त्याचं कौतुक नाही आणि तक्रारही नाही. जहाज सुटताना धक्क्यावरून, जहाजावरच्या माणसाच्या हातात दुसरं टोक असलेल्या कागदी फिती धरायच्या, त्या ताणून तुटेपर्यंत उभं राहायचं आणि मग भाजी घेऊन घरी यायचं. चिनात्सु जिल्ह्याच्या शहरातल्या, कोचीच्या कॉलेजातून इथं आलेली. तिला अजून फीत तुटल्यावर भाजी घ्यायला जमत नव्हतं.

भीती तिच्या मनात घातली ती सासूबाईंनीच, हसत हसत. हिवाळ्यात मुळे सोलताना त्या सांगायला लागल्या, "कात्सुमी असाच होता, अडीच-तीन वर्षांचा. हे समुद्रावरून आले. पोरानं दोन दिवस पाहिलं, पाहिलं, आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, 'काका, तुम्ही तुमच्या घरी कधी जाणार?' अख्खी आळी हसली."

"आणि बाबा?"

"तेही हसले की." त्सुरुएंच्या हातातली सुरी थांबली. "जेवले नाहीत मात्र त्या दिवशी. त्यानंतर पोराला कधी मांडीवर घेतलेलं मला आठवत नाही."

त्या दिवसापासून चिनात्सुला एकच ध्यास लागला. कात्सुमी येईल तेव्हा नागिसानं त्याला काका म्हणायचं नाही. फोटो दाखवून झाला. नागिसा फोटो चाटायची आणि टाकून द्यायची. ती बघायची फक्त कुरीकडे. कुरी कपाटामागं गेला की कपाटामागं, कुरी ओसरीवर उन्हात पडला की ही पण गाल लाकडाला टेकवून पडायची. तेव्हा चिनात्सुला सुचलं: कुरी जे शिकेल ते पोरगी शिकेल.

कुरी कात्सुमीलाच सापडला होता, धक्क्यावर दोरांच्या वेटोळ्यात. दोन फेऱ्यांच्या मध्ये घरी असताना त्यानं त्याला 'ये' आणि 'थांब' शिकवलं. शेजारचे चेष्टा करायचे, "काय रे, पुढच्या फेरीला खलाशी म्हणून नेतोस का?" कात्सुमी शांतपणे म्हणायचा, "खलाशांपेक्षा लवकर शिकतो हा." ओसरीवर मांडी घालून बसायचा, एकदा 'ये' म्हणायचा आणि मग थांबायचा. हाक नाही, चुटकी नाही. समुद्रावर गळ टाकून बसणाऱ्या माणसाला थांबायचं कसं ते कुणी सांगावं लागत नाही. कुरी कधी लगेच यायचा, कधी चहा गार झाल्यावर. पण यायचा.

कात्सुमीचं ताट रोज संध्याकाळी मांडलं जाई. घरातलं माणूस दूर गेलं की त्याच्या वाटचं ताट मांडायचं, म्हणजे ते जिथं असेल तिथं उपाशी राहत नाही. मग त्सुरुए वाटीचं झाकण उचलायच्या. झाकणाला आतून थेंब असले की माणूस सुखरूप. "बघ," त्या म्हणायच्या, "आहे ठीक." गरम साराला झाकण ठेवलं की थेंब येणारच, हे चिनात्सुला कळत होतं. तरी थंडीत ती ते सार सगळ्यांत शेवटी, अगदी उकळतं ओतायची.

नागिसा ज्या दिवशी बोलली त्यानंतर थोड्याच दिवसांनी केप टाउनहून फोन आला. आवाज लांबून येत होता, आपण बोललेलं तिकडे पोचून उत्तर येईपर्यंत मध्ये समुद्राएवढी शांतता.

"कशी आहेस?" कात्सुमीनं विचारलं.

चिनात्सुला वाटलं सांगावं, रात्री अंथरुणात तुमच्या जागी कुरी झोपतो आणि मी त्याला उठवत नाही. पण शेजारी सासूबाई कान देऊन उभ्या. "बऱ्या आहोत. थांबा, नागिसाला देते. ती बोलते आता!"

"नागिसा," फोनमधून आवाज आला, "मी बाबा बोलतोय."

पोरगी डोळे मोठे करून फोनकडे पाहत राहिली. मग फोन टाकून धावत सुटली, कोपऱ्यातल्या गादीवर थापट्या मारून ओरडली, "बाबा! बाबा!"

मग कात्सुमीचा आवाज, भरून आलेला. "म्हणाली गं. ऐकलं मी. बाबा म्हणाली."

"हो," चिनात्सु म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती गादीकडे बघत बसली. तिनं कुरीला शिकवलं तसंच पोरगी शिकली होती, नेमकं तसंच. बाबा म्हणजे ती निळी गादी. त्यावर बसणारं कुणी असतं, हे कुरीला कुणी शिकवलंच नव्हतं. मग नागिसाला कोण शिकवणार?

तिनं ते पुसायचा प्रयत्न केला. गादी दुसऱ्या खोलीत नेली. कुरी तिथं जाऊन बसला; मग ती परत कोपऱ्यात आणली. ताटाशेजारी फोटो ठेवला; नागिसानं तो उचलून बाजूला केला, कारण तो बाबांच्या आड येत होता. शेवटी चिनात्सुनं भीत भीत विचारलं, "आई, थोडे दिवस ताट नाही मांडलं तर?"

त्सुरुए ओट्याशी वळल्या. "काय म्हणालीस?"

"नागिसाला वाटतं, की ताट म्हणजेच..."

"ह्यांचं ताट मांडण्यात माझी जवानी गेली. एक संध्याकाळ चुकली नाही. तुफानात छप्पर गळत होतं तेव्हा छत्री धरून मांडलंय मी." त्यांचा आवाज चढला आणि मग एकदम बसला. "पोरगी काय, शिकेल. तो परत यायला हवा आधी. माझं पोर पाण्यावर आहे आणि तू मला झाकण उचलू नको म्हणतेस?"

"नाही, आई. चुकलं माझं."

त्या संध्याकाळी ताट तिनंच मांडलं. त्सुरुएंनी झाकण उचललं. थेंब होते. दोघींनीही श्वास सोडला.

झाडावर लोकाटची फळं पिवळी व्हायला लागली तेव्हा कात्सुमी आला. जहाज दूरच्या बंदराला लागलं होतं; तो बसनं आला, दुपारचा, एक पिशवी खांद्यावर. दारात उभा राहिला. काळा, वाळलेला, आठवणीतल्यापेक्षा उंचीनं थोडा कमी.

"आलो," तो म्हणाला.

"आलात," चिनात्सु म्हणाली. इतक्या दिवसांत तिनं या शब्दाच्या पुढचं किती काही मनात रचून ठेवलं होतं. त्यातलं एकही वाक्य आलं नाही.

त्सुरुएंनी घर डोक्यावर घेतलं. मधल्या मेजावर सगळं मांडलं: वरवर भाजलेला बोनितो मासा, काकडी, हिरव्या भाज्यांचा डोंगर, कारण समुद्रावरच्या माणसाला भाजीचाच हव्यास असतो. कोपरा त्यांनी सकाळीच रिकामा केला होता. माणूस घरी आलं, आता ताट कशाला? निळी गादी कपाटात गेली होती.

नागिसा आजीच्या पाठीमागून बघत होती. कात्सुमी खाली बसला, हात गुडघ्यांवर. "नागिसा," तो हलक्या आवाजात म्हणाला, "बाबा आलाय."

शब्द ऐकून पोरीचा चेहरा उजळला. नागिसा आजीला सोडून धावली, कात्सुमीच्या शेजारून, त्याच्याकडे न बघता, थेट कोपऱ्यात. तिथं काहीच नव्हतं. ती उभी राहिली. वळली. ओठ थरथरले.

"बाबा नाई," ती म्हणाली. मग कुरीकडे बघून, अगदी चिनात्सुच्या आवाजात, एकदाच: "बाबा कुठंय?"

कुरी उठला. रिकाम्या कोपऱ्यात गेला आणि गादी नसलेल्या जागी, उघड्या तातामीवर, नीट बसला.

नागिसानं भोकाड पसरलं.

"माझी चूक आहे," चिनात्सु भराभरा बोलू लागली, "मला वाटलं तुम्हाला काका म्हणू नये. आईंनी सांगितलं होतं, तुम्ही लहानपणी... म्हणून कुरीला शिकवलं, आणि कुरी ताटाकडे जायचा, आणि फोनवर ती म्हणाली तेव्हा ती गादीला..."

कात्सुमी ऐकत होता. चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला तो तिनं पाहिला. त्सुरुएंनीही पाहिला, असा चेहरा त्यांनी पूर्वी एकदा पाहिला होता. त्यांनी बोनितोची ताटली उगाच इकडची तिकडे केली.

मग तो म्हणाला, "आई, माझं ताट कुठंय?"

"हे काय, मेजावर. बस की."

"हे नाही. रोजचं."

"वेडा आहेस का? घरात हजर असलेल्या माणसाला कुणी ते ताट मांडतं का?"

"मांड. तिथंच."

त्सुरुए पुटपुटत उठल्या, "बापावर गेला नाही एवढं बरं," आणि कपाटातून गादी काढली. भात आला, मासा आला. सार चिनात्सुनं ओतलं, उकळतं, सवयीनं.

कात्सुमी कोपऱ्यात जाऊन गादीवर बसला. कुरी हातभर बाजूला सरकला आणि त्याला हुंगू लागला: पायमोजे, पिशवीचा पट्टा, बोटं. ओळख दाखवली नाही. कात्सुमीनं वाटीचं झाकण उचललं. थेंब त्याच्याच गुडघ्यावर पडले.

नागिसाचं रडणं मध्येच थांबलं. तिच्या गादीवर, तिच्या ताटापुढे, कुणीतरी बसलं होतं.

"ये," कात्सुमी म्हणाला. मांजराला की पोरीला, कळेना. आणि मग तो गप्प राहिला.

सार गार होऊ लागलं. वाफ विरळ झाली. 'जा ना राजा, जा, बाबा आहेत ते,' चिनात्सुच्या जिभेवर होतं. तिनं हात तोंडावर धरला. ओसरीवरच्या उन्हाची पट्टी सरकून मेजाच्या पायाशी आली. कात्सुमी बसून होता, पाठ सरळ, नजर कुणावरच नाही.

कुरी उठला. एक वळसा घेतला, आणि काही विशेष घडलं नाही अशा थाटात त्याच्या मांडीवर चढून वेटोळं केलं. कात्सुमीनं हात लावला नाही.

नागिसा कुरीमागून निघाली, नेहमीसारखी. दोन पावलं, मग थांबली. मग आणखी एक. गादीच्या कडेशी वाकून तिनं कडेवर एक थापटी मारली. मग थोडं पुढे, कुरीच्या पाठीवर. हात तिथंच राहिला. शेजारीच, बोटभर अंतरावर, कात्सुमीचा गुडघा होता, साराच्या थेंबांनी ओला. ती त्या थेंबांकडे बघत राहिली.

तो अजूनही काही बोलत नव्हता. चिनात्सुही जागची हलली नाही. 'ये' तिनंही ऐकलं होतं, आणि ते आपल्यालाही होतं का, हे विचारायला तिला अजून रात्री सगळे झोपेपर्यंत थांबायचं होतं.