रविवारपर्यंत

"तुझ्या मामाला काहीतरी झालंय," टेलरकाका फोनवर म्हणाले. "आज त्यानं माझ्या एक्क्यावर हुकूम मारला."

मी वॉर्डात इंजेक्शनांचा ट्रे घेऊन उभी होते. पत्त्यांतलं मला फारसं कळत नाही. पण आपल्याच भिडूचा एक्का कुणी हुकमानं कापत नाही, एवढं मामानंच लहानपणी शिकवलं होतं. आणि हे दोघे तीस वर्षांचे भिडू.

"चुकून पडला असेल, काका."

"त्याच्या हातून? अगं, माझ्या हातात काय आहे ते त्याला माझ्याआधी कळतं. बरं, चुकल्यावर हसलासुद्धा नाही. नुसता धापा टाकत होता."

ड्यूटी संपल्यावर मी थेट मामाकडे गेले.

मामा पोस्टात सॉर्टर होता. पत्ता धड न वाचता, नुसत्या अक्षराच्या वळणावरून तो पाकीट बरोबर खणात टाकायचा. मामी लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी गेली. त्यानंतर त्यानं घरात जीव असलेलं काही आणलं नाही, साधी कुंडीसुद्धा नाही. निवृत्त झाल्यावर वरच्या मजल्यावरच्या बाई चार दिवसांसाठी मांजर ठेवून गेल्या, तिथून सुरुवात झाली. मग पोपट आले, ससे आले, एकदा कासव आलं. परगावी जाणारी माणसं घराची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवायची आणि जनावर मामाकडे.

"एवढी माया आहे तर स्वतःचं एखादं पाळ की," आई त्याला म्हणायची.

"आपलं असलं की मरतं, ताई. दुसऱ्याचं नुसतं घरी जातं."

त्या दिवशी त्याच्याकडे एक म्हातारं तपकिरी कुत्रं होतं, एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेलं. शाळेतल्या एक बाई आणि त्यांचे यजमान लेकीचं बाळ बघायला गेले होते, रविवारी यायचे होते. मामा खुर्चीत बसला होता आणि कुत्रं त्याच्या पावलांवर हनुवटी टेकून पडलं होतं. मी त्याला बाजूला केलं आणि मामाच्या सुजलेल्या नडगीवर बोट दाबलं. खड्डा पडला. बोट काढलं तरी तो भरून येईना.

"किती दिवस झाले हे?"

"सिस्टर, आवाज खाली. तो दचकतो."

"मामा, आत्ताच्या आत्ता चल. ॲडमिट व्हायला लागेल."

"रविवारी येतो."

"आज बुधवार आहे! कुत्र्याला मी नेते माझ्याकडे."

"खायचा नाही तो तुझ्याकडे." त्याला एका दमात वाक्य पुरं करता येत नव्हतं. "आधीच एकदा कुणीतरी रस्त्यावर सोडून दिलेलं आहे त्याला. तीन दिवस दाराकडे तोंड करून उभा होता. काल कुठे माझ्या हातचा पहिला घास घेतला."

मी भांडले. रडले. आईला फोन लावून दिला. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "रविवारी." शेवटी डॉक्टरांना गळ घालून मी गोळ्या लिहून घेतल्या. ते म्हणाले, "सिस्टर, तुम्हाला कळायला पाहिजे." मला कळत होतं. तरी मी त्याच्या पाठीला चार उशा लावल्या आणि रजा टाकून तिथेच राहिले.

डाव चालूच राहिला. दुपारी बाकीचे तिघे येत, मामाच्या खुर्चीभोवती बसत. त्याची पिसायची पाळी आली की पानं टेलरकाका पिसून देत. कुत्र्याला फिरवायचं कामही त्यांनीच घेतलं. पण कुत्रं चार पावलं टाकून मागे वळून वर बघे. म्हणून मामा खिडकीचे गज धरून उभा राही, ते परत येईपर्यंत. मी मागून त्याची कंबर धरून ठेवी. त्याचे श्वास मोजायची सवय मला सोडवत नव्हती. मिनिटाला बत्तीस. शनिवारी छत्तीस.

रविवारी सकाळी त्यानं माझ्याकडून दाढी करून घेतली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि ती दोघं यायच्या आधीच खुर्चीत बसला, म्हणजे उठावं लागू नये. बाईंना बघून कुत्र्यानं जो आवाज काढला तो मी आजवर ऐकलेला नाही. हसणं म्हणावं की रडणं, कोण जाणे.

"फार त्रास दिला ना यानं?" बाईंनी विचारलं.

"छे! जावयासारखा राहिला. खा, झोप."

लहान लहान वाक्यं त्यानं आधीच जुळवून ठेवली असावीत. ती तिघं जिना उतरून गेली. कुत्र्यानं एकदाही मागे पाहिलं नाही. मामा ऐकत राहिला, खालचं फाटक वाजलं तेव्हा म्हणाला, "हं. चल आता."

त्याला जिना उतरवेना. टेलरकाकांनी आणि शेजाऱ्यांनी खुर्चीसकट खाली आणलं. माझ्याच वॉर्डात अकरा दिवस होता. एकदा मी डॉक्टरांना विचारलंच, बुधवारी आणला असता तर? ते कागद चाळत म्हणाले, "सांगता येत नाही." मग कागद खाली ठेवत म्हणाले, "कदाचित."

महिन्याभरानं मी आणि टेलरकाका मामाची खोली आवरत होतो. दार उघडंच होतं. बाई आणि त्यांचे यजमान आले. त्यांना आदल्या दिवशीच कळलं होतं. बाई म्हणाल्या, "मी सारखी आठवतेय. ते त्या दिवशी उठले नाहीत खुर्चीतून. तेव्हा बरे होते ना हो ते? की आमच्यामुळे..."

गेला महिनाभर मी मनात या बाईंशी भांडत होते. चार दिवसांचा हिशेब मागत होते. आता त्या समोर उभ्या होत्या, हातातला रुमाल पिळत.

"बरे होते," मी म्हणाले. "तुम्ही गेल्यावर संध्याकाळी एकदम वाढलं."

बाईंनी डोळे मिटून श्वास सोडला. यजमानांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

टेलरकाकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बाईंना पाणी आणतो म्हणून ते आत गेले. पेला भरायला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ आतला नळ वाहत राहिला.