न्हाणीतलं कूळ

मित्रांनो, मी एक जुनी माशी आहे. जुनी म्हणजे किती, ते विचारू नका. आमच्यात पंधरवडा उलटला की शंभरी गाठल्यासारखं असतं, आणि माझा तो उलटत आला आहे. तुम्ही मला नक्की पाहिलं असेल. सकाळी डोळे चोळत न्हाणीत जाता तेव्हा भिंतीवर एक करडा ठिपका बसलेला असतो. तुम्ही त्याच्यावर तांब्याभर पाणी मारता. ठिपका टुणकन उडी मारतो, दोन वीत बाजूला जाऊन पुन्हा बसतो. तो ठिपका म्हणजे मी.

नाक मुरडू नका. जवळून बघितलंत तर मी दिसायला वाईट नाही. अंगावर मऊ केस, पंखांवरही केस, आणि पंख पसरून बसले की पत्त्यांतल्या बदामासारखा आकार होतो. पंखांच्या काठावर बारीक पांढरे ठिपके आहेत. डोक्यावरच्या मिशा मणी ओवल्यासारख्या दिसतात. उडण्यात मात्र मी अगदीच सुमार आहे. वारा आला की उडणं माझ्या हातात राहत नाही, म्हणून मी आडोसा सोडून सहसा जात नाही.

माझा जन्म झाला मोरीच्या नळीत. नळीच्या आत साबण, तेल, केस आणि मळ यांचा एक बुळबुळीत थर जमतो. तुम्हाला त्याची किळस येते, आम्हाला ते भरलेलं ताट. लहानपणी मी बारीक अळी होते. त्या थरात डोकं खुपसायचं, शेपटीची नळी वर काढून श्वास घ्यायचा आणि दिवसभर कुजकं खायचं, एवढंच काम. तुम्ही टाकून दिलेलं आम्ही खातो आणि त्याची माती करतो. आजवर त्याबद्दल कुणी आमची पाठ थोपटलेली नाही, पण मीही कधी रुसून बसले नाही. मग मी कोशात गेले, पंख घेऊन बाहेर आले आणि पहिल्यांदा ती न्हाणी पाहिली.

घर आरे-वारेच्या रस्त्याला लागून आहे. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, आणि अंगणातून चार पावलं उतरलं की पुळण. समुद्राकाठच्या वाळूला इथे पुळण म्हणतात. न्हाणीचं पाणी मागीलदारी अळूच्या वाफ्यात जातं. घरात सखाराम आणि त्याची बायको नंदा अशी दोघंच असायची. पण या वर्षी त्यांची मुलगी स्नेहल मुंबईहून बाळंतपणाला आली आणि घर भरलं. मुलगी झाली. तिचं नाव अजून ठेवायचं होतं, तोवर सगळे तिला नुसतं बाय म्हणत.

बायची अंघोळ म्हणजे माझ्या आयुष्यातला सर्वांत सुंदर देखावा. नंदा पाटावर बसायची, पाय लांब करायची आणि बायला पायांवर पालथी घालायची. खोबरेल तेलाचा हात पाठीवरून असा फिरायचा की बघता बघता मलाच झोप यायची. ऊन पाणी पडलं की बाय आधी दचकायची आणि मग गप्प होऊन ऐकत राहायची. नंदा तिच्याशी बोलत असायची, माडाला किती नारळ लागले, बाजारात कुठली मासळी आली, सगळं. आणि ते साबणाचं, तेलाचं पाणी खाली माझ्या लेकरांकडे जायचं. हो, एव्हाना मीही त्याच नळीत अंडी घातली होती. तेव्हा म्हटलं तर त्या न्हाणीत दोन आयांचे संसार चालले होते, एकीचा पाटावर आणि एकीचा पाटाखाली.

नंदाचा सगळा जीव या अंघोळीत गुंतला होता. बायला तिसरा महिना लागेपर्यंत मायलेकी इथेच राहायच्या, असं दोन्ही घरांत ठरलं होतं. नंदा ते दिवस पुरवून पुरवून वापरत होती.

आणि त्यात मी घोळ घातला.

बायचा बाप अमरदीप मुंबईजवळ दिवा गावात राहतो आणि ठाण्याला कुरिअरचं काम करतो. लेक त्याला दिसायची ती फक्त मोबाईलवर. एका सकाळी स्नेहलने अंघोळीच्या वेळी त्याला व्हिडिओ कॉल लावला. उकाड्याचे दिवस होते, बायच्या मानेवर लाल पुरळ उठलं होतं. आणि मी, नको तेव्हा पुढे यायची खोड असल्यामुळे, नेमकी तिच्या टॉवेलवर जाऊन बसले. तळहाताएवढ्या पडद्यावर लेक बघणाऱ्या बापाला पुरळही केवढं मोठं दिसलं असेल आणि मीही.

संध्याकाळी त्याने स्नेहलला एक मेसेज पाठवला. वाळूमाशी नावाची केसाळ माशी असते, ती रक्त पिते, तिच्यामुळे काळा आजार होतो. खाली चित्र होतं, केसाळ माशीचं. अमरदीपचा हिशेब सरळ होता. माशी केसाळ, अंगावर पुरळ, आणि सासुरवाडी तर वाळूतच उभी. त्याने सांगितलं की रविवारी गाडी घेऊन येतो आणि दोघींना मुंबईला आणतो.

सखारामने मेसेज वाचून घेतला आणि म्हणाला की आपल्याकडे वाळू कुठं आहे, आपल्याकडे तर पुळण. त्याच्या परीने त्याने प्रश्न सोडवला होता. पण कुणी हसलं नाही. नंदा रविवारपर्यंतचे दिवस बोटांवर मोजू लागली.

मग माझ्यावर मोहीम सुरू झाली. नंदाने मोरीत फिनेल ओतलं, उकळतं पाणी ओतलं, मीठ टाकलं. सखारामने फवारा आणून दार लावून मारला. माझ्या कितीतरी बहिणी पटापट खाली पडल्या. मी खिडकीच्या फटीत तग धरून राहिले. नळीतल्या थराखाली माझी पोरं सुखरूप होती, कारण पाणी कितीही गरम असलं तरी त्या थरावरून घरंगळून जातं. मला सर्वांत वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. बायची अंघोळ बंद झाली. नंदा तिला खोलीत ओल्या फडक्याने पुसून घ्यायची, आणि बाय किंचाळून घर डोक्यावर घ्यायची. पाट न्हाणीच्या भिंतीला उभा करून ठेवला होता. त्याच्याकडे बघवत नव्हतं.

शनिवारी मालगुंडहून करुणा मॅडम बाळ बघायला आल्या. स्नेहल कॉलेजात असताना त्या तिला प्राणिशास्त्र शिकवायच्या. बाळंतिणीच्या खोलीत बाहेरच्या माणसाने पाय धुतल्याशिवाय जायचं नाही, हा या घरचा नियम. त्यामुळे मॅडम झबलं-टोपडं स्नेहलच्या हातात देऊन आधी न्हाणीत आल्या. पायावर पाणी घेतलं, मान वर केली आणि मी त्यांना दिसले.

त्यांनी पाणी मारलं नाही. चष्मा कपाळावर चढवला आणि इतक्या जवळ आल्या की त्यांच्या श्वासाने माझे केस हलले. उडून जावंसं फार वाटत होतं. पण जन्मात पहिल्यांदाच मला कुणीतरी नीट बघत होतं, आणि खोटं कशाला सांगू, मला ते आवडलं. मी पंख पसरून तशीच बसून राहिले.

बराच वेळ मॅडम बाहेर येईनात, तेव्हा नंदा दारात आली. मॅडम पाय घसरून पडल्या की काय, अशी तिला धास्ती. मागून सखाराम आणि बायला घेऊन स्नेहल. मग नंदाने रडवेली होऊन सगळी हकिकत सांगितली आणि शेवटी विचारलं की हीच का ती वाळूमाशी.

"तिची चुलत बहीण म्हणा," मॅडम म्हणाल्या. "दोघी एकाच कुळातल्या आहेत."

हे ऐकून सखाराम एकदम पुढे सरकला. त्याचं सगळं तरुणपण कूळकायद्याच्या गोष्टी ऐकण्यात गेलेलं. दुसऱ्याच्या जमिनीत कूळ लागलं की ते कुणालाच हलवता येत नाही, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं.

"कूळ?" तो म्हणाला. "आमच्या न्हाणीला कूळ लागलाय? मंग आता त्याला उठवायचा कसा?"

स्नेहल कितीतरी दिवसांनी हसली. मॅडमही हसल्या, आणि म्हणाल्या की हे कूळ तसलं नव्हे, हे म्हणजे घराणं. मग तिथेच, ओल्या न्हाणीत उभं राहून त्यांनी माझ्या घराण्याची जी माहिती सांगितली, ती मीही प्रथमच ऐकत होते. तोवर मी स्वतःला नुसती मी समजत होते.

माझं नाव पतंगमाशी. पतंगासारखी दिसते, पण पतंग नव्हे. पतंगाला चार पंख असतात आणि त्यांवर पूड, मला दोनच पंख आणि त्यांवर केस. म्हणून मी माश्या-डासांच्या गणातली. माझ्या कुळात आजवर तीन हजारांच्या आसपास जाती ओळखल्या गेल्या आहेत, आणि अजून सापडत आहेत. कुणी कातळावरच्या ओल्या शेवाळात वाढतात, कुणी कुजक्या लाकडात, कुणी झाडाच्या ढोलीत साचलेल्या पाण्यात. एक शाखा तर बेडकांचं रक्त पिते. बेडकाला चावायचं कुणाला सुचलं असेल, मला अजून कळत नाही. आणि एक शाखा वाळूमाश्यांची. नावात वाळू आहे, पण समुद्राच्या पुळणीशी तिचा संबंध नाही. ती गोठ्यात, मातीच्या भिंतींच्या ओलसर भेगांत राहते. ती रक्त पिते हे खरं, काळा आजारही तिच्यामुळेच पसरतो, पण त्याची साथ बिहार-बंगालकडची.

"मग ओळखायची कशी?" स्नेहलने विचारलं.

"पंख बघ. वाळूमाशी पंख वर उभे धरते, उडायच्या बेतात असल्यासारखे. हिने बघ कसे पसरून ठेवलेत, छपरासारखे. आणि हिला चावायला तोंडच नाही गं. बायच्या मानेवर आहे ते घामोळं. तरी डॉक्टरांना दाखवून घे."

नंदाच्या जिवात जीव आला. माझ्याही आला, पण तो फार वेळ टिकला नाही. जाता जाता मॅडम म्हणाल्या की ही चावत नसली तरी घाणीत वाढते, आणि इथे तान्हं बाळ न्हातं, तेव्हा मोरीची नळी आतून घासून काढा, फिनेलने काही होणार नाही. निर्दोष सुटले त्याच दमात माझी उचलबांगडीही ठरली. वाईट वाटलं. पण माझ्यासमोर बायला घेऊन स्नेहल उभी होती. बाळ दोघींना होतं, नळी एकच होती. मॅडमचं चुकलं, असं मला म्हणवेना.

रविवारी अमरदीप गाडी घेऊन आला. डॉक्टरांनीही घामोळंच सांगितलंय, असं स्नेहलने त्याला फोनवर कळवलं होतं, तरी तो आलाच. स्नेहलने त्याला घरात घेतलं नाही, आधी पाय धुवायला न्हाणीत आणलं आणि पंख बघायला लावले. त्याने पाहिले. मान हलवली. पण चेहरा उतरलेलाच होता. तो म्हणाला की माशीचं पटलं, तरी गाडी आणलीच आहे तर घेऊन जातो.

नंदा दाराशी उभी होती. जावयासमोर ती कधी दोन शब्दांपलीकडे बोलत नसे.

"माझ्या येळंला माला म्हायार नव्हता," ती म्हणाली. "ही स्नेहल तान्ही असताना मी भाताच्या लावणीला गेलेली. हिला मांडीवर घेऊन निवांत न्हाऊ घालायला माला गावलाच नाय. ता आता करतंय, एवढाच. तुमची लेक हाय, मी अडवायची नाय."

अमरदीप मोरीकडे बघत म्हणाला, "आई, तुम्हाला हिचं करायला मिळतं. मी तिकडे नुसता बघतो. मला काहीच करता येत नाही हिच्यासाठी."

आणि त्याने पँट दुमडली, बाह्या वर केल्या आणि विचारलं की घासायला काय आहे. नंदा कानकोंडी झाली. जावई माणूस आणि मोरी घासणार? पण स्नेहलने काथ्या आणि तारेचा ब्रश त्याच्या हातात दिला. तो खाली बसला, मोरीची जाळी उचकटली आणि कोपरापर्यंत हात घालून नळी घासू लागला. निघालेला तो काळा थर त्याने एका फुटक्या बालदीत भरला, आणि सखारामने ती नेऊन अळूच्या वाफ्यात ओतली. माझी पोरं अशी वाजतगाजत नव्या जागी गेली. तिथे ओल आहे, सावली आहे आणि कुजका पाला तर वर्षभर पुरेल एवढा. मी त्यांच्या मागोमाग खिडकीतून बाहेर पडले आणि वारा नव्हता म्हणून पोहोचले.

न्हाणी पुन्हा धुतली. पाट खाली आला. नंदा त्याच्यावर बसली, पाय लांब केले आणि बायला घेतलं. पाणी ओतायचा तांब्या तिने अमरदीपच्या हातात दिला. त्याने तो इतक्या लांबून धरला की पहिलं पाणी नंदाच्याच अंगावर गेलं. दुसरं बायच्या पाठीवर पडलं. ती दचकली, मग गप्प झाली. संध्याकाळी गाडी गेली ती एकट्या अमरदीपला घेऊन. बाय तिसऱ्या महिन्यापर्यंत इथेच आहे, आणि पुढच्या रविवारी पाणी मीच ओतणार, असं तो सांगून गेला आहे.

मित्रांनो, मी आता अळूच्या पानाखाली बसले आहे. इथली हवा चांगली आहे आणि माझी काही तक्रार नाही. तुमची मोरी तुम्ही घासा, अगदी तारेच्या ब्रशने घासा. हे एक माशी स्वतःच्या तोंडाने सांगते आहे, म्हणजे खरंच मानायला हरकत नाही. फक्त कुठल्याही बारक्या जिवावर फवारा मारण्याआधी एकदा वाकून बघा, तो कोण आहे, पंख कसे धरतो, तुमच्या वाटेला जातो का. एवढं बघायला वेळ लागत नाही. त्या शनिवारी एक बाई ओल्या पायांनी जरा वाकली, म्हणून आज एका आजीची मांडी भरलेली आहे.